पित्ताशय जागेवरच होतं

"ताई, तुमी फक्त चूप बसा." नलूचं माझ्याकडे हे शेवटचं मागणं. उमरखेडच्या दवाखान्यात पोट धरून वाकली होती ती... आणि जन्मभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी, नेमकी तेव्हाच चूप बसले.

नलिनी माझी धाकटी जाऊ. नवरी होऊन दारव्ह्याला आली, तेव्हा मी साऱ्या बायांसमोर म्हटलं होतं, "अवो, हिले पाट कायले? बाज आणा!" मी स्वतः तेव्हा कापसानं ठासून भरलेलं पोतं, पण आरशाची न् माझी ओळख नव्हती. नलूही हसली होती.

पुढे साखर वाढली, म्हणून नागपूरला तिनं वजन कमी करायचं ऑपरेशन केलं. घरी सांगितलं, पित्ताचे खडे काढले. सोबतीला मीच होते. "लोक हसतीन," म्हणाली. हे लोक कोण, ते मी विचारलं नाही.

वजन भराभर उतरलं. मग यंदा आम्ही दोघी तिच्या लेकीच्या, मंजूच्या सासरी उमरखेडला गेलो, तिथं जेवल्यावर तिच्या पोटात कळ उठली. "गॅस असन," म्हणत विहीणबाईंनी ओवा दिला. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही ऑपरेशन? नलू म्हणाली, "खड्याचं." विहीणबाई शेजारीच उभ्या होत्या. मी पदराशी खेळत बसले. इंजेक्शननं कळ थांबली, सकाळी दुपटीनं आली.

यवतमाळला स्कॅन झाला. डॉक्टर बाहेर आले. "खडे काढले म्हणता, तेव्हा पित्ताशयच काढतात; ते तर जागेवरच आहे. खरं सांगा." तेव्हा सांगितलं मी, मंजूच्या देखत.

ते रागावले नाहीत. अशा ऑपरेशननंतर चरबी झडते, आत फटी मोकळ्या होतात, आतडं तिथून सरकून पीळ बसतो, म्हणाले. लवकर कळलं तर ते जागेवर आणून फट शिवतात. नलूचं काळं पडलं होतं. तेवढं कापून टोकं जोडली, पण जहर अंगात पसरलं होतं...

तेरवीला कुणीतरी विचारलं, "कशानं गेली वो?" मी चटकन म्हटलं, "पित्तानं."

लेक मंजूनं ते ऐकलं. मला स्वयंपाकघरात नेलं. "मोठीआई, आता तरी कायले लपवून राह्यली? माय काय चोरी करून आलती?"

मग तिनं फळीवरची छोटी वाटी काढली. ऑपरेशननंतर नलू तेवढंच जेवायची.

"मले वाटे, माझ्या हातचं तिले आवडतच नाही."

वाटी लख्ख होती. तरी मी ती घासायला घेतली.