सासऱ्यासमोरचा मांडा

“मी सांगस ते ऐक! परका माणूसनी नजर पडनी का मांडा फाटस. हाई मी नही, मन्ही सासू सांगे.” ताईबाईंनी पुरणाची परात ओट्यावर आदळली.

“आजी, जळगावला ढाब्यांवर बाया रस्त्याच्या कडेला मांडे करतात. लोक गाड्या थांबवून मोबाईलवर व्हिडिओ काढतात,” भूमिका म्हणाली. ती धुळ्याच्या कॉलेजातून सुट्टीला आली होती आणि दोन दिवस हाच वाद ऐकत होती.

“त्या मांडा शेतस का? गोधड्या शेतस, गोधड्या!”

ज्यांच्यावरून हे चाललं होतं त्या तिच्या आई, सुलक्षणाबाई, चुलीपाशी बसून कणीक तिंबत होत्या. भडगावच्या बचत गटाच्या दिपमालाताईंचा निरोप होता, की शनिवारी जळगावच्या मेळाव्यात स्टेजवर मांडे करून दाखवायचे. तालुक्यातून एकच बाई जाणार. हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं.

गिरणेकाठच्या त्या गावात सुलक्षणाबाईंच्या मांड्याला तोड नव्हती. त्या मूळच्या पिंपळनेरकडच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना जाड पोळी धड येत नव्हती. ताईबाईंनी शिकवलं. पुरण भरलेली पोळी हातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर खेळवत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर उपड्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायची. पुढे लग्न असो की बारसं, भावकीत बोलावणं त्यांनाच. मागच्या पडवीत चादर बांधायची, भिंतीकडे तोंड करून बसायचं, आणि मांडे चादरीखालून बाहेर जायचे. खाणाऱ्यांनी नाव घ्यायचं, करणारी दिसायची नाही. सुलक्षणाबाईंना हे बरंच वाटत आलं होतं. चादरीच्या आत त्यांना कुणाचं भय नव्हतं. चादरीच्या बाहेर मात्र त्या रेशनच्या दुकानातसुद्धा दुसऱ्या बाईच्या मागे उभ्या राहत.

“आणि तठे फाटना तर?” ताईबाई आता सुनेकडे वळल्या. “तोंड कोठे दपाडशी? तीस वरीसनं नाव एका दिनमा जाई.”

सुलक्षणाबाईंना रात्रभर झोप लागली नव्हती ती याच विचाराने. त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं एवढं एकच होतं. पण आज सासूचं बोलणं ऐकताना त्यांच्या मनात भीतीच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

“माय,” त्या म्हणाल्या, “तुम्ही कधी फाटताना दखा का?”

“म्हंजे?”

“नजर पडनी आणि फाटना, असा मांडा. तुम्ही सोता दखा का?”

ताईबाईंनी परात जवळ ओढली. “दखा म्हनीसनच सांगस ना!”

सुलक्षणाबाई उठल्या आणि दाराशी जाऊन नवऱ्याला हाक मारली. लीलाधरभाऊ केळीच्या बागेतून नुकतेच आले होते, पाय धूत होते.

“आठे बसा. मन्हाकडे दखा.”

“काय व्हयनं?”

“काही नही. नुसतं दखा.”

लीलाधरभाऊ पाटावर बसले. “तीस वरीस खादा, करताना एकदा बी नही दखा,” ते म्हणाले आणि शाळेत बसल्यासारखे मांडीवर हात ठेवून बघू लागले. भूमिकेला हसू आवरेना.

सुलक्षणाबाईंनी पोळी हातावर घेतली. ती फिरली, पसरली, कोपरापर्यंत गेली. खापरावर पडली. कुठे चीर नाही.

“नवरानी नजर धरत नही,” ताईबाई लगेच म्हणाल्या.

“मग आबांना बोलवू?” भूमिकेने विचारलं.

आबा म्हणजे सुलक्षणाबाईंचे सासरे. वय ऐंशीच्या पुढे. ताईबाई नको नको म्हणेपर्यंत नातीने त्यांना हाताला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. सुलक्षणाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दुसरी पोळी घेतली. दोन फेरे नीट झाले. तिसऱ्याला उजव्या अंगाला फाटली आणि पुरण मांडीवर पडलं.

“दखं?” ताईबाई म्हणाल्या.

सुलक्षणाबाईंनी आणखी एक घेतली. तीही फाटली, अगदी तशीच, त्याच जागी.

आता लीलाधरभाऊंचाही चेहरा उतरला. “राहू दे,” ते म्हणाले. “कळाई दे नही म्हनीसन.”

पण सुलक्षणाबाई फाटलेल्या पोळीकडे टक लावून बघत होत्या. नजर लागली असती तर कुठेही फाटली असती. दोन्ही वेळा उजव्या अंगालाच का? त्यांनी डोक्यावरचा पदर चाचपला. कानशिलापाशी पदराच्या काठाला ओली कणीक लागली होती.

“भूमिका, मन्हा उजवा हात कोठे गयता?”

“पदराला,” भूमिका म्हणाली. “दोन्ही वेळा. पदर घसरला, तू सावरलास, आणि पोळी एका हातावर लोंबली. तुला कळलं नाही?”

नव्हतं कळलं. सासरे समोर असताना पदर सावरायला हात जातो, हे हाताला सांगावं लागत नव्हतं.

“आबा, तुम्ही मन्हाकडे दखी राहिंतात ना?” त्यांनी विचारलं. तीस वर्षांत सासऱ्यांना त्यांनी सरळ विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न.

“मी कोठे तुन्हाकडे दखं, बेटा?” आबा म्हणाले. “माले तठलं दिसस कोठे! मी खापरकडे दखं. लाल दिसस तेवढं.”

लीलाधरभाऊ मोठ्याने हसले.

सुलक्षणाबाईंनी हात धुतले, पुसले. मग डोक्यावरचा पदर खाली घेतला, कमरेला खोचला. त्यांचे अर्धे पिकलेले केस आबांसमोर पहिल्यांदाच उघडे झाले होते. त्यांचे कान तापले. चौथी पोळी हातावर घेतली, आणि या वेळी दोन्ही हात पोळीखालीच राहिले. पोळी पसरत गेली, इतकी पातळ की आतलं पुरण दिसावं. खापरावर टाकली तशी कडेकडेने फुगली.

ताईबाई खाली बसल्या. फाटलेल्या मांड्याचा एक तुकडा उचलून त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

“मन्हा पयला मांडा सासरासमोरच फाटना,” त्या हळूच म्हणाल्या. “नवी नवरी व्हतू. सासूनी सांगं, नजर लागनी.” त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. “मन्हा बी हात पदरकडेच गया व्हई का?”

त्यांनी तुकडा परातीत ठेवला.

मग त्या सावरल्या. “घरमा केलं ते केलं. आबाले दिसत नही. तठे हजार डोळा. डोकावर पदर नही, लोके काय म्हंतीन?”

सुलक्षणाबाईंनी खापरावरचा मांडा घडी घालून काढला, आबांच्या ताटलीत ठेवला, वर तूप सोडलं. मग भूमिकेला म्हणाल्या, “दिपमालाताईले फोन लाव.” आणि फोन लागेपर्यंत, कुणाकडेही न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “शनिवारी सकायनी गाडीमा मी जळगावले जासू. पदर खोचीसन मांडा करसू, लोकेसकडे तोंड करीसन. त्या दिनना स्वयंपाक तुम्ही तुमना दखी ल्या.”