ओली गोणपाटं

चाकूरजवळच्या आमच्या शेतात कोंबड्यांचं शेड आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी लाईट गेली आणि शेडमधले पंखे थांबले. बाहेर नुसत्या झळा. माझ्या सासऱ्यांनी आपण उन्हाळ्यात घरात करतो तेच केलं. चारी बाजूंच्या जाळ्यांवर ओली गोणपाटं सोडली आणि दार लावून घेतलं.

"मामंजी, एक बाजू तरी उघडी ठेवा, आत वारंच न्हाई," मी म्हणाले.

"लेकराला झळ लागू देतंय का कोणी?" ते माझ्यावरच डाफरले. कोंबड्यांना ते लेकरंच म्हणायचे. मी तणतणत घरी गेले.

लाईट आल्यावर दार उघडलं, तर कोंदट वाफ अंगावर आली. गोणपाटं अजून गार होती. कोंबड्या चोची उघड्या टाकून एकमेकींवर पडल्या होत्या, एकही हलत नव्हती. सासऱ्यांनी एकेक गोणपाट काढलं, पिळलं आणि घडी घालून ठेवलं.

यंदाचा उन्हाळाही तसलाच आहे. दुपारी झळा थेट घरात येतात, पोरं कावतात, मी दार लावायला उठते. पण उंबऱ्यावर सासरे बसलेले असतात, उघड्या दाराला पाठ लावून.