कोपऱ्यातले चार दिवस

मी जन्माची संशयी. आमचे हे म्हणायचे, "दूध दाट निघालं तरी तुला शंका येते, आज एवढं दाट का?" मग लेकीच्या सासूला मी सोडते होय!

लेक डोंबिवलीला दिली होती. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. विहीणबाई भेटल्या की म्हणायच्या, "तुमची लेक ती आमचीच लेक." असं गोड बोलून राबवून घेणाऱ्या बायका मी पुरत्या ओळखून होते. त्यात दसरा झाला आणि जावई नोकरीच्या कामासाठी तीन महिने नागपूरला गेले. आता माझ्या पोरीला तिथे कोण वाली?

दिवाळीला ती नौपाड्यात आमच्याकडे आली, तर तोंड एवढंसं झालेलं. म्हणाली, "आई, विहिरीचं पाणी ओढताना चक्कर येते गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "येणारच! गेलीस की कावळा शिवला म्हणून सांग आणि चार दिवस कोपऱ्यात बस. पाणी नाही, चूल नाही. कोण तपासायला येतंय?"

"पण या महिन्यात माझी पाळी अजून आलीच नाहीये."

"मग आली की पुन्हा बस!" तिला मी पुढे बोलूच दिलं नाही. पोरगी गरीब. मी सांगितलं तसं तिनं केलं.

महिन्याभरानं एका दुपारी विहीणबाई तिला घेऊन आमच्या दारात उभ्या. तिच्या हातात कपड्यांची पिशवी. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "मुलगा दसऱ्याला गेला. ही दिवाळीनंतर चार दिवस बाहेर बसली, माझ्या डोळ्यांदेखत. आणि आता सुईण म्हणते, हिला दिवस गेलेत. मी काय समजायचं? ठेवून घ्या हिला."

खोटं कशाला सांगू, तेव्हाही माझ्या मनात आलं, ही बाई निमित्तच शोधत होती. मग लेकीकडे पाहिलं. रडून रडून डोळे सुजलेले. माझी पाचावर धारण बसली. मी काय शिकवलं, ते सगळं सांगून टाकलं.

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "म्हणजे मुलगा जायच्या आधीचेच." लेकीच्या पाठीवर हात ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "विहीणबाई, दोन मुलांची आई तुम्ही. पोरगी चक्कर येते म्हणाली, पाळी आली नाही म्हणाली, आणि तुम्हाला मीच दिसले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी म्हटलं, "चुकलं माझं. पण पहिलं बाळंतपण माहेरचं. आता राहू दे तिला, मी सगळं करीन."

"काय गं, राहतेस?" त्यांनी तिलाच विचारलं.

लेकीनं खाली ठेवलेली पिशवी उचलली. "नको आई," ती मला म्हणाली, "मी घरी जाते."