सुऊरची चरबी

मीरगुलच्या गालांवरची लाली सोनुनच्या डोळ्यांपुढून काही केल्या हलत नव्हती. बिश्केकहून परतल्यापासून, नारिनच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतानासुद्धा, तिला तेच दिसे. लेक चांगली भरली होती, आणि खोकत होती.

लग्न होऊन बिश्केकला गेलेली मीरगुल थेट शिवणकामाच्या तळघरात बसली. कोळशाचा धूर आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवलेल्या, आणि आत मशिनीला मशीन लागलेलं. तिथेच तिला क्षय जडला. हे घरच्यांत फक्त आईला ठाऊक. तळघराच्या जिन्यात उभी राहून ती रोज गोळ्या घ्यायची आणि पुरावा म्हणून त्याचा व्हिडिओ दवाखान्यातल्या झामिरा नर्सला पाठवायची. सासरी सांगितलं होतं, साधा खोकला आहे.

साध्या खोकल्यावर सासूने घरचं औषध काढलं. डोंगरात बीळ करून राहणाऱ्या, खारीच्या जातीतल्या लठ्ठ सुऊरची चरबी, गरम दुधातून.

परवा सोनुन भेटायला गेली तेव्हा विहीणबाई खुशीत होत्या. "बघा, तुमची काडी माझ्या घरात कशी भरली! बाई, हे काही तुमच्या पुस्तकात सापडायचं नाही."

सोनुन कसनुसं हसली. सगळ्यांना चहा ओतता ओतता मीरगुलने मान वळवून खोकला दाबला. तिच्या मांडीवर तिचा वर्षाचा मुलगा एरनिस होता.

सोनुनने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "गोळ्या?"

"सोडल्या, आई. मशिनीवर बसलं की उलट्या व्हायच्या, काम मागे पडायचं. आणि चरबीने वजन वाढलंय ना."

"मग नर्सला काय दाखवतेस?"

"गोळीच. नंतर थुंकते."

"अगं, चरबीने अंग भरतं, छाती बरी होत नाही! पोराच्या तोंडावर खोकतेस तू."

"हळू बोल. कळलं तर मला तुझ्या दारात आणून सोडतील आणि याला ठेवून घेतील. कुणाला सांगितलंस, तर मी तुझी कुणी नाही."

आज मधल्या सुट्टीत मीरगुलचा फोन आला. बोलताना मागून खोकला ऐकू आला. बारीकसा, कोरडा.

"कोण खोकतंय? एरनिस?"

"दात येतायत त्याला," मीरगुल घाईने म्हणाली आणि फोन ठेवला.

सोनुन रिकाम्या वर्गात बसून राहिली. नर्सला सांगितलं तर ती घरी येणार, सगळ्यांची तपासणी होणार, सगळं उघड होणार. लेक पुन्हा कधी बोलणार नाही. पण न बोलायला तरी ती जिवंत राहायला हवी.

आजार कळला त्या दिवशी मीरगुलनेच दिलेला झामिरा नर्सचा नंबर तिने शोधला, आणि लावला.