‘ताईले सांगणे’

वामनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा काय निघालं असेल? “अवं, पण आज तर रविवार आहे!” म्हणजे बघा... त्याची बायको शोभा पलीकडून एवढी मोठी गोष्ट सांगते आहे आणि मी तिला वार सांगते आहे. पण रविवारी दहाच्या सुमाराला वामनभाऊ येणार, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्या वेळीसुद्धा गॅसवर चहाचं आधण दोन कपांचं होतं. शोभा म्हणाली, “तुमच्याकडंच निघाले होते ताई. बूट घालता घालता बसले, ते बसलेच.” या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. अजूनही रविवारी मी आधण दोन कपांचंच ठेवते, आणि मग रागानं अर्धं मोरीत ओतते. राग कशाचा, तेच सांगायला बसले आहे.

आम्ही दोघं इथल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात होतो. मी अकरावी पास, टायपिंगवर लागलेली. वामनभाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, गोळीबार चौकातल्या विणकरांच्या घरातला. आधी हिंगण्याला कारखान्यात विजेचं काम केलं आणि मग आमच्याकडे आला. संस्थेनं प्रवेशाच्या याद्या वेबसाइटवर लावायचं ठरवलं, तेव्हा बाहेरून माणसं आली, दोन यंत्रं बसवली, आणि “सांभाळा” म्हणून निघून गेली. सांभाळायचं कुणी? ज्यांना उत्सुकता होती त्यांनी! मी इंग्रजी पुस्तिकेतला एकेक शब्द वहीत उतरवायची, आणि तो ते करून बघायचा. समोरचं यंत्र म्हणजे वेब सर्व्हर, मागचं म्हणजे जावाचा ॲप्लिकेशन सर्व्हर, आणि दोघांना जोडायचं, एवढं पुस्तिकेत होतं. पण का जोडायचं? माझ्या काही केल्या डोक्यात शिरेना. तेव्हा वामनभाऊ म्हणाला, “ताई, सावजीचं भोजनालय पाह्यलं ना? समोर गल्ल्यावरचा माणूस गिऱ्हाइकाले बसवते, पाणी देते, पाटी दाखवते. रस्सा काही त्याच्यापाशी नाही. रस्सा मागं. मधात एक खिडकी. यानं आवाज द्याचा, त्यानं ताट सरकवाचं. आपलं काम त्या खिडकीचं.”

मी विचारलं, “अन् खिडकी बंद राहिली तर गा?”

“तर गिऱ्हाईक गल्लेवाल्याले मारते!”

झालं, मला जन्मभरासाठी समजलं. कोणती पानं समोरच्यानं आपणच द्यायची आणि कोणती मागणी मागे धाडायची, हे मी दोन्ही यंत्रांच्या फायलींत स्वतःच्या हातानं लिहायला लागले. पन्नाशी उलटलेली बाई! माझी भाची मिहानमधल्या एका संगणक कंपनीत याच कामाला होती. ती म्हणायची, “मावशी, तू तर आमच्यातलीच निघालीस.” त्या वाक्यावर मी किती दिवस उड्या मारल्या, काय सांगू.

वामनभाऊच्या वडिलांचा हातमाग होता. मागावरचा उभ्या दोऱ्यांचा जुना ताणा संपत आला, की नव्या ताण्याचा एकेक दोरा त्याला गाठ मारून जोडायचा. त्यांच्या घरात असा नियम होता, की ज्याची गाठ चुकली त्यानं तिथल्या तिथे, तोंडानं सांगायचं. कापड पुढे गेल्यावर सांगून उपयोग नाही, चूक त्यात विणली जाते. हाच नियम त्यानं आमच्या फायलींना लावला. ओळ बदलली, की तिच्या डोक्यावर तारीख आणि नाव. माझं ‘सु’, त्याचं ‘वा’. शिवाय त्याचं स्वतःचं एक लांब निळं रजिस्टर असायचं. केलेलं सगळं त्यात लिहायचं. सोमवारी आठवड्याच्या कामांची यादी करायची, झालेल्या कामापुढे खूण, आणि राहिलेलं काम पुढच्या सोमवारच्या पानावर उतरवायचं. या शिस्तीचा मला केवढा अभिमान होता... भेटेल त्याला सांगायची.

मग प्रवेशाची यादी लागायची ती सकाळ आली. आदल्या दिवशी मी समोरच्या यंत्राच्या फाइलीत नव्या अर्जाच्या पानासाठी एक ओळ घातली होती, वर नियमाप्रमाणे ‘सु’. सकाळी दहाला साइट उघडली. संस्थेचं नाव आलं, इमारतीचा फोटो आला, आणि यादीवर बोट ठेवलं की ‘परवानगी नाही’. कुणीही, कुठूनही उघडो, ‘परवानगी नाही’. काटोलहून पहाटेच्या बसनं आलेले आईबाप फाटकाशी मोबाइल धरून उभे होते. कार्यालयाचे साहेब यंत्रांच्या खोलीत आले ते विचारतच, “शेवटचा हात कोणाचा?” फाइल उघडली तर शेवटचं नाव माझंच. मी माझी ओळ दहा वेळा वाचली, पुसली, परत लिहिली. काही होईना. घामानं चष्मा घसरत होता. वामनभाऊ दुसऱ्या टेबलाशी पाठमोरा बसून काही तरी करत होता. वीस-पंचवीस मिनिटांत यादी उघडली.

“काय झालं होतं?” साहेबांनी विचारलं.

वामनभाऊ मान वर न करता म्हणाला, “समोरच्या फाइलीत एक ओळ राह्यली होती, साहेब.”

समोरची फाइल म्हणजे माझी. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “बाई, हे आता तुमच्या वयाचं काम राहिलं नाही.” दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली गेली आणि मी आवक-जावकच्या टेबलावर. निवृत्तीपर्यंतचे चौदा महिने लिफाफ्यांवर शिक्के मारले. आणि माझा वेडेपणा ऐका. माझी चूक त्यानं निस्तरली म्हणून मी त्याच्यासाठी डब्यात पाटवडीचा रस्सा घेऊन गेले! तर म्हणतो, “आज उपास आहे, ताई.”

“काहून गा? मंगळवारचा उपास तुले कधीपासून?”

तो नुसता हसला. डबा तसाच परत आला.

मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच रविवारपासून तो घरी येऊ लागला. पंखा दुरुस्त करून दे, फोनमधलं काही बिघडलं तर बघून दे, संत्र्यांच्या दिवसांत काटोलची संत्री आण. मी सगळ्यांना सांगायची, सख्ख्या भावानं एवढं केलं नसतं. कधी कधी चहा पिता पिता तो म्हणायचा, “ताई, एक सांगाचं होतं...” आणि मी मेली बोलघेवडी! तेवढ्यात मला शेजारणीचं काही आठवायचं, मी सुरू व्हायची, आणि तो चहा संपवून उठायचा. पण मी किती बोलत असेन? श्वास तर घेत असेन ना मधे?

तीन आठवड्यांपूर्वी शोभानं मला बोलावून ते निळं रजिस्टर हातात दिलं. “तुमच्याबिगर हे कोणाले समजन, ताई?” मी तिथंच पलंगावर बसून चाळलं. त्या यादीच्या आदल्या दिवसाचं पान निघालं. त्याचं ते उभं, किरटं अक्षर. ‘मागच्या यंत्रावर नवी आवृत्ती चढवली. ही दोन्हीकडं सारखा गुप्त शब्द मागते. मागं टाकला. मागूनच उघडून पाह्यलं, चालते.’ पुढे खूण. म्हणजे खिडकीवर ठरलेला शब्द म्हटल्याशिवाय ताट सरकवायचं नाही, असं त्यानं स्वयंपाक्याला सांगितलं, आणि गल्लेवाल्याला शब्द सांगायचाच विसरला. वर स्वतः मागच्या दारानं जाऊन ताट मिळतं का बघून आला. समोरून बघितलंच नाही! मागच्या फाइलीवर ‘वा’ही घातलं नाही. आणि दुसऱ्या दिवशीच्या पानावर होतं, ‘समोर शब्द टाकाचा राह्यला होता. चूक माझी. ताईले सांगणे.’

त्यापुढे खूण नव्हती.

पुढच्या सोमवारी परत, ‘ताईले सांगणे’. त्याच्या पुढच्या सोमवारी परत. मी पानं उलटत गेले. वर्षं उलटली, त्याची नोकरी संपली, यादीत यंत्रांच्या जागी गॅसचा नंबर आणि बीपीच्या गोळ्या आल्या, आणि प्रत्येक सोमवारी ते एक काम खाली उतरत राहिलं. शेवटच्या पानापर्यंत.

लोक म्हणतील, बघा किती मनाला लागलं होतं बिचाऱ्याच्या. लागलं असेल! पण आठवड्यातून एकदा लिहायला वेळ मिळाला आणि सहा वर्षांत एकदा बोलायला मिळाला नाही? ती चूक मी तिथल्या तिथे हसून सोडली असती. अशा चुका मीही पन्नास केल्या होत्या आणि सगळ्यांवर ‘सु’ लिहिलं होतं. टेबल गेलं त्याचं मला आज काही वाटत नाही. पण त्या दिवसापासून मी स्वतःला म्हातारी, बावळट समजू लागले. वही माळ्यावर टाकली. फोनमधलं साधं बटण दाबायलाही रविवारची वाट बघायला लागले. माझी स्वतःवरची खात्री गेली आणि तिच्या जागी तो संत्री ठेवून जायचा. मी सोलून खायची. गोड असायची हो... त्याचाच जास्त राग येतो.

“काय सांगाचं होतं, ताई?” शोभानं विचारलं होतं. “मले बी नाही सांगतलं त्याहिनं.”

“काही नाही वं, कामाचं होतं,” म्हणून मी रजिस्टर पिशवीत घातलं आणि निघाले. बसमध्ये लक्षात आलं, अगदी वामनभाऊसारखंच बोललो आपण. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, परत सोडवलं. मग म्हणाली, “मंगळवारचा उपास ते काहून धरत, मले आता समजलं.” म्हणजे त्या दिवसापासून त्यानं मंगळवार सोडला नव्हता! मी म्हटलं, मी हे कुठे लिहिलं तर तुला चालेल का? “लिहा ताई. नावानिशी लिहा. त्याहिच्यानं नाही झालं. तुमचे साहेब बी वाचतीन.” निघताना दाराशी येऊन म्हणाली, “अन् त्या ओळीपुढं एक खूण करून टाका. ते सुटले असं वाटन मले.”

रजिस्टर आता माझ्या स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर आहे. माळ्यावरची वहीही खाली काढून शेजारी ठेवली आहे. आज रविवारी सकाळी दहाला, शोभाच्या शब्दाखातर, मी रजिस्टरचं शेवटचं पान उघडलं. पेन घेतलं. ‘ताईले सांगणे’च्या पुढे टोक टेकवलंसुद्धा... एक निळा ठिपका उमटला तेवढाच. पुढे हात चालेना. झालेल्या कामालाच खूण करायची, हेही त्यानंच शिकवलं होतं, आणि हे काम झालेलं नाही. मी ठिपका तसाच ठेवून रजिस्टर मिटलं. गॅसवर आधण उकळत होतं, दोन कपांचं.