उजव्या खिशावरची भोकं

आमचा रुडी जिवंत माणसांशी कमी आणि मेलेल्यांशी जास्त बोलतो. मी त्याची धाकटी बहीण, डोलोरेस हुडाक, त्यामुळे असं म्हणायचा हक्क मला आहे. काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे चौतीस वर्षं काढून तो निवृत्त झाला. इतर लोक मासे पकडायला जातात, यानं घराच्या तळघरात एकेचाळीस शिपाई उभे केले. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन शिपायांचे गणवेश, शिंप्याकडच्या पुतळ्यांवर चढवलेले. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड: नाव, गाव, कुठे लढला, पुढे काय झालं. ज्याचं नाव सापडत नाही तो गणवेश रुडी ठेवत नाही. ‘नाव नसलं की नुसतं कापड,’ म्हणतो.

याचं मूळ आमच्याच घरात आहे. आमचे वडील लढाईहून धडधाकट परत आले. काही वर्षांनी आईनं त्यांच्या गणवेशाच्या पट्ट्या कापल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात घालायला पायपुसणं विणलं. रुडी तेव्हा सात वर्षांचा. त्यानं त्या पायपुसण्यावर कधी पाय ठेवला नाही, उडी मारून जायचा. आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच हसायचे, त्याची आता लाज वाटते.

तर गोष्ट त्या चार खिशांच्या कोटाची. अस्तरावर शिक्का होता: पी-२२८६. सगळ्या पलटणीचे कपडे एकत्र धुवायला जायचे, म्हणून प्रत्येक शिपाई आडनावाचं पहिलं अक्षर आणि आपल्या फौजी नंबरातले शेवटचे चार आकडे कपड्यांवर मारायचा. विकणारा म्हणाला होता की कोट मेलेल्या पोराचा आहे. खांद्यावरच्या चिन्हावरून रुडीनं डिव्हिजन ओळखली, यादी काढली, आणि नाव सापडलं: स्टीव्हन प्रोकॉप. नोव्हेंबर १९४४, जर्मनीच्या सीमेवरच्या जंगलात ठार. वय एकवीस.

त्याची बहीण ॲग्नेस अजून होती. ऐंशी वर्षांची, निवृत्त शिक्षिका, आमच्यापासून दोन तासांवरच्या कोळशाच्या गावात एकटी राहणारी. रुडी सहा महिने तिच्याशी फोनवर बोलत होता. स्टीव्हन गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तार आली तरी तिला पटलं नव्हतं. त्यानंतर वर्षभर घंटी वाजली की दार उघडायला तीच धावायची, दुसऱ्या कुणाला उघडू द्यायची नाही. आता तिला तो कोट एकदा हातात घ्यायचा होता. नंतर तिनं आणखी एक सांगितलं: चर्चच्या फादरना तिनं सांगून ठेवलं होतं, मी गेले की कोट माझ्याबरोबर शवपेटीत ठेवा. रुडीनं लगेच द्यायचं कबूल केलं. आपल्या एकेचाळिसांतला एकही त्यानं आजवर कुणाला दिला नव्हता.

ऑक्टोबरमधला शनिवार. ती दोन वाजता येणार होती. मी कोबीच्या पानांत खिमा भरत होते, ओव्हनमध्ये अक्रोडाचं सारण भरलेल्या गोड पावाची गुंडाळी होती. रुडीनं सकाळपासून दोनदा दाढी केली होती. साडेअकराला तो कोट घेऊन माझ्यापुढे आला.

“डॉली, उजव्या खिशाचं बटण लोंबतंय. एवढं लाव.”

“तुझ्या कपड्यांना सुई लावायची? आज सूर्य कुठून उगवला?”

“आज चालेल. पण फक्त बटण हं.”

मी तीस वर्षं नवऱ्या मुलींचे पोशाख उसवून अंगाला बसते केलेत. कपड्यावर काय काय होऊन गेलंय ते मला दिसतं. खिडकीशी नेऊन बटण लावायला लागले आणि हात थांबला. उजव्या खिशाच्या वर बारीक भोकं होती. ओळीनं, तिरप्या चौकोनात. कुणीतरी तिथे शिवलेलं काहीतरी जपून उसवलं होतं.

ते काय असणार हे मलाही माहीत होतं. फौजेतून सुटका झालेल्या शिपायाला खिशावर शिवायला एक कापडी तुकडा मिळायचा, त्यावर कड्यातला सोनेरी गरुड. पोरं त्याला बदक म्हणायची. त्याचा अर्थ एवढाच की हा आता घरी चाललाय. लढाईत मेलेल्याला बदक मिळत नसे.

खरं सांगते, गप्प बसायचं माझ्या मनात आलं. वाफेची इस्त्री फिरवली असती तर भोकं बुजली असती आणि म्हातारी समाधानानं परत गेली असती. मी दहा मिनिटं तशीच बसले, ओव्हनमधली गुंडाळी करपली. मग हाक मारली.

“रुडी, इकडे ये. बस.”

“वेळ नाहीये गं.”

“बस म्हणते ना!”

त्यानं भिंग आणलं. बराच वेळ वाकून बघत होता. “कसर लागली असेल.”

“कसर चौकोन आखून खाते होय रे?” मी म्हणाले. “तू नाव कुठल्या यादीत शोधलंस?”

“मेलेल्यांच्या.”

“फक्त?”

या संग्रह करणाऱ्यांचं हेच आहे. मेलेल्याचा कोट म्हटलं की त्यांचे डोळे लकाकतात, मग जिवंत परतलेल्यांकडे कोण बघतो! बदकही विकणाऱ्यानं किंमत वाढवायला उसवलं असणार. रुडी संगणकाशी गेला आणि भरतीची सगळी यादी लावली. पाऊण तासानं परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. स्टीव्हन सोडून पी आणि २२८६ असलेले आमच्या एका राज्यातच आणखी सहा जण होते.

“तिला सांगायचं नाही, डॉली. ऐंशी वर्षांची आहे ती.”

“आणि परक्याचा कोट कवटाळून पुरू दे तिला?”

“मग तू सांग!”

“मी का? कार्ड कुणी लिहिलं?”

तेवढ्यात घंटी वाजली. सव्वाच वाजला होता.

ॲग्नेस प्रोकॉप काठी टेकत आत आली. निळा ठेवणीतला पोशाख, हातात भावाचा फोटो. आमच्याशी दोन शब्दही न बोलता ती टेबलाकडे गेली, कोट उचलला आणि त्यात तोंड खुपसलं. “स्टीवी,” म्हणाली.

रुडीनं कोटाचं कार्ड उचलून खिशात घातलं. मला वाटलं, आता खरं काय ते गिळून टाकतोय हा. मलाही ते हवंच होतं.

“मिस प्रोकॉप,” तो म्हणाला, “हा कोट तुमच्या भावाचा नाही. चूक माझी आहे.”

तिनं तोंड वर केलं. “सहा महिने तुम्ही मला ‘तुमच्या भावाचा कोट’ म्हणत होतात.”

“हो.”

“फादरना सांगितलंय मी. सगळ्या गल्लीला सांगितलंय! गंमत वाटली तुम्हाला?”

“नाही हो. मी… मी फक्त मेलेल्यांत शोधलं.”

मी मध्ये पडले नाही. कोट तिनं टाकला नव्हता. “दाखवा,” ती म्हणाली. मी तिचं बोट धरून एकेका भोकावरून फिरवलं आणि तिथे काय होतं ते सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

“म्हणजे हा परत आला.”

“आला.”

ती खुर्चीत बसली. कोट मांडीवर, फोटो त्याच्यावर. रुडी उभाच होता.

“त्याच्या बहिणीनं दार उघडलं असेल,” ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनं रुडीकडे पाहिलं, आणि शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, “ते बदक आहे का तुमच्याकडे?”

रुडी धावत तळघरात गेला आणि सुट्या चिन्हांचा पत्र्याचा डबाच घेऊन आला.

“शिवा परत. माझ्यादेखत,” ती मला म्हणाली. “आणि तुम्ही, मिस्टर हुडाक, त्या सहांतला हा कोण ते शोधा. त्याचा आहे हा. मला नको.”

मी जुन्या भोकांतूनच सुई घातली. तिनं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं होतं. मी शेवटचा टाका घातला, दोरा तोडला, तरी तिनं ते सोडलं नाही.