कंट्रोलबाई

डोक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी अँब्युलन्स धाडायची आणि दवाखान्याला आधी खबर द्यायची, हे माझं रायपूरमधलं काम. फोन ठेवला की काम संपतं, किस्सा मात्र टेबलावरच राहतो! माझ्याकडचे बहुतेक किस्से आमच्या ड्रायव्हरचे, वानखेडेभाऊंचे. ते मला ‘कंट्रोलबाई’ म्हणायचे.

*

रायपूर मध्यप्रदेशातून निघालं होतं, राज्य नवं नवं होतं. पेशंट भानावर आहे का, हे पाहायला नाव, गाव, राज्य विचारायचे. एका गुरुजींनी सांगितलं, ‘मध्यप्रदेश.’ नव्या डॉक्टरनं लगेच लिहिलं, ‘गोंधळलेला.’

भाऊ म्हणाले, “साहब, आपके कागज पर भी वही छपा है!”

*

वाटेत पेशंटशी बोलत राहायचं, उत्तरं येतात का पाहायचं. भाऊ तर स्टिअरिंगवरूनच सुरू व्हायचे. पंडरीच्या कापडबाजारातले एक शेठजी शेवटी ओरडले, “भैया, आप गाड़ी चलाओ ना!”

भाऊंनी मला कळवलं, “कंट्रोलबाई, पेशंट चिडून राहिला. लय चांगलं हाय!”

*

बूढ़ापाऱ्यातली मराठी मंडळींची गल्ली. स्कूटरांमुळे गाडी आत जाईना, म्हणून शेजाऱ्यांनीच स्ट्रेचर उचललं. भाऊ ओरडले, “मान हलवू नका!”

अख्खी गल्ली ताठ!

“तुमची नाई जी, त्याची!”

*

हेल्मेटवरून भाऊ साऱ्या शहराला झापायचे. आणि स्वतः वांगी आणायला बोडक्यानं गेले. “इथंच तर जातो,” म्हणाले होते वहिनींना. त्या दिवशी गाडी मीच धाडली.

जीव वाचला. पण आता ते कुणाला ओळखत नाहीत, बोलत नाहीत. दर रविवारी मी जाते आणि नाव, गाव, राज्य विचारते. ते खिडकीबाहेर बघत राहतात. ऑफिसात फोन वाजला की अजून वाटतं, त्यांचाच असेल. एकदाच त्यांच्या तोंडून ‘कंट्रोलबाई’ ऐकायचंय मला. बाकी काही नको.

*

गेल्या रविवारी त्यांच्या घरीच होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. शहराबाहेर सिलतऱ्यात एका प्लांटच्या गेटपाशी मोटरसायकल घसरली होती, डोक्याला मार. पेशंटला गाडीत घेतलं होतं. नव्या ड्रायव्हरला मी सांगायला लागले, “पंडरी होते हुए...”

खाटेवरून आवाज आला.

“पंडरीतून काहून, कंट्रोलबाई? लगनसराई हाय. रिंग रोडनं सांगा.”

वहिनी चहाचा कप घेऊन दारातच थांबल्या. भाऊ खिडकीबाहेरच बघत होते.

“दीदी? किधर से?” फोनवर ड्रायव्हर विचारत होता.

“रिंग रोड से,” मी म्हणाले. “वानखेडेभाऊ बोल रहे हैं.”